परीकथांच्या चित्रपटांतील परदेश

हलत्या चित्रांच्या परीकथांनीं आमच्या मुलांस जितके देश दाखविले, तितके भूगोलाच्या पुस्तकानें क्वचितच दाखविले असतील. हें आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाहीं. पण पडद्यावरचा देश कितपत खरा, हें पाहणें अगत्याचें आहे.

आरंभ आपल्याच देशापासून करूं. डिस्ने कंपनीचा ‘जंगल बुक’ हा चित्रपट १९६७ सालीं निघाला. किप्लिंगची मूळ कथा मध्यप्रदेशांतील शिवनीच्या डोंगरांत घडते. चित्रपटांत माकडांचा राजा म्हणून एक ओरँगउटान नाचतो. हा प्राणी बोर्निओ व सुमात्रा या बेटांवरचा. आपल्या रानांत तो नाहीं. किप्लिंगच्या माकडांना तर राजाच नव्हता! हें पाहून आपला विद्यार्थी हंसतो, कारण त्यास आपलें रान ठाऊक आहे. जो देश ठाऊक नाहीं, त्याच्या चित्रावर मात्र तोच विद्यार्थी सहज विश्वास ठेवतो.

याच कंपनीचा १९९२ चा ‘अल्लाउद्दीन’ पाहा. अल्लाउद्दीनची कथा प्रथम छापली गेली ती फ्रेंच भाषेंत, गालां नांवाच्या पंडिताच्या ग्रंथांत, १७१२ सालीं. त्यास ती १७०९ मध्यें पॅरिस येथें हन्ना दियाब यानें सांगितली. हा दियाब सीरियांतील अलेप्पो शहरचा ख्रिस्ती तरुण होता. (अरब म्हटला कीं तो मुसलमानच, असें समजणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.) छापील कथेंत अल्लाउद्दीन चीन देशांतला आहे. चित्रपटानें त्यास अग्राबा या कल्पित अरबी नगरांत नेलें. तेथील राजवाड्याचे घुमट ताजमहालाची आठवण देतात आणि राजकन्येच्या वाघाचें नांव ‘राजा’! म्हणजे पूर्वेकडचें जें जें हातीं आलें, तें तें एका टोपलींत घातलें.

येथवर गंमत म्हणून सोडून देतां येईल. पुढचें सोडतां येत नाहीं. आरंभींच्या गाण्यांत, येथें तोंड आवडलें नाहीं तर कान कापतात, अशा अर्थाच्या ओळी होत्या. अमेरिकेंतील अरब लोकांच्या संस्थेनें हरकत घेतल्यावर १९९३ च्या घरगुती आवृत्तींत त्या बदलल्या. तथापि त्या मुलखास रानटी म्हणणारा शब्द तसाच राहिला. तो २०१९ च्या नव्या चित्रपटांत गेला. शिवाय नायक व नायिका स्वच्छ अमेरिकन उच्चारांत बोलतात, आणि परकी हेल दिला आहे तो पहारेकऱ्यांस व दुकानदारांस. कोण चांगला, कोण वाईट, हें मुलाचा कानच ठरवून टाकतो. बुद्धीस विचारीत नाहीं. आमच्या मतें हा दोष गाण्यांतील दोषाहून मोठा आहे, कारण तो कोणाच्या लक्षांतच येत नाहीं.

‘मोआना’ (२०१६) करतांना कंपनीनें पॅसिफिक बेटांवरील जाणत्यांचें मंडळ नेमलें, ही सुधारणा खरी. तरी त्याच वर्षीं माउई या वीराच्या गोंदलेल्या कातडीचा पोशाख मुलांसाठीं विक्रीस आला. बेटांवरील लोकांस तें गोंदण पवित्र. त्यांनीं आक्षेप घेतला व पोशाख मागें घ्यावा लागला.

कोकणांतील व गोव्यांतील कित्येक घरांतील वडील, काका, मामा मस्कत, कुवेत, दुबई येथें नोकरीस आहेत. ते रजेवर आले म्हणजे मुलांनीं त्यांस विचारावें: तेथला शेजारी कसा आहे, त्याचीं मुलें कोणते खेळ खेळतात, रमजानच्या संध्याकाळीं तो तुम्हांस काय खावयास बोलावतो? उत्तरें वहींत लिहावीं आणि मग अग्राबा पुन्हां पाहावें.