जुना माहितीपट वर्गात कसा वापरावा?



आठवीच्या इतिहासाचा पहिला धडा साधनांचा आहे. त्यातली दृक्-श्राव्य साधने आपण बहुतेक वेळा वाचूनच संपवतो. पण मुलं आज सगळ्यात जास्त विश्वास पडद्यावरच ठेवतात. 'सर, व्हिडिओत दाखवलंय' म्हटलं की विषय संपला!

म्हणून यंदा एक तास 'आय अॅम ट्वेंटी' दाखवून पाहा. फिल्म्स डिव्हिजनचा हा कृष्णधवल माहितीपट एस. एन. एस. शास्त्री यांनी 1967 मध्ये केला. 1947 साली जन्मलेली, म्हणजे देशाच्याच वयाची तरुण मुलं-मुली यात बोलतात. आगगाडीत बसलेला एक तरुण देशभर हिंडायचं स्वप्न सांगतो, तर कुणी देशाबद्दल चक्क नाराजीने बोलतो. सरकारी पैशातून झालेल्या फिल्ममध्ये हे आहे, हे मला फार विलक्षण वाटतं. बरेचजण इंग्रजीत बोलतात, त्यामुळे मधेमधे थांबवून अर्थ सांगावा लागेल. सगळी फिल्म दाखवायची गरज नाही, पाच-सात मिनिटं पुरे.

आता खरं काम. उत्तर ऐकवा, थांबवा आणि विचारा, 'याला प्रश्न काय विचारला असेल?' मुलं वहीत लिहितील. एकाच उत्तराला चार वेगळे प्रश्न निघतात, आणि तिथेच मुलांच्या लक्षात येतं की मधलं काहीतरी कापलेलं असू शकतं. मग पुढचे प्रश्न त्यांचे तेच विचारतात. हीच माणसं का निवडली? इंग्रजी न येणाऱ्यांचं काय?

याच्या जोडीला लेखकाची एखादी जुनी मुलाखत ऐकवा. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि त्यावरच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये साहित्यिकांशी गप्पा होत. अशा गप्पांत प्रश्नही ऐकू येतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. लेखक कुठल्या प्रश्नाला थांबतो, कुठला टाळतो, एवढंच टिपायला सांगा. (मराठीच्या तासालाही हे चालतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.)

एक घोळ मात्र नक्की होतो. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये (1988, 53 भाग) शिवाजी महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह आहेत. मुलं त्यालाही 'पुरावा' म्हणतात. तेव्हा सांगावं लागतं, बाळांनो, हे सतराव्या शतकाचं साधन नाही. 1988 साली आपण सतराव्या शतकाकडे कसं बघत होतो, त्याचं साधन मात्र आहे. हा फरक सहावीच्या मुलांनाही कळतो, फक्त दोनदा सांगावा लागतो.

पालकांसाठी घरचा अभ्यास: पूर्वी थिएटरात मुख्य सिनेमाआधी सरकारी समाचारचित्र दाखवायचे. आजी-आजोबांना त्यात काय पाहिलं ते मुलांना विचारू द्या. फोनवर रेकॉर्ड करा, आणि मुलाचा प्रश्नही त्यात राहू द्या, कापू नका.