बाळंतिणीच्या टाक्यांविषयी भाचीस पत्र



बोईसरला बाळंतीण भाचीने टाक्यांवर हळद व चुलीतली राख कालवून लावली आणि दोन दिवसांची कणकण घरात कोणास कळू दिली नाही, असे वर्तमान कानी आल्याने तिची मावशी पालघरहून हे पत्र तातडीने लिहीत आहे. योनिद्वार व गुदद्वार यांमधल्या भागास मूलाधार म्हणतात. प्रसूतीत तो फाटतो किंवा डॉक्टर तेथे छेद देतात, आणि टाके आपोआप विरघळणारे असले तरी आतले मांस सांधण्यास काही आठवडे जातात. अशा जखमेवर राख घालणे म्हणजे धनुर्वातास आमंत्रण होय, कारण त्याचे जंतू शेणामातीत टिकून राहतात. शिकलेल्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती.

झाडपाल्याचा गुण मावशी नाकारत नाही. जात्यादि तेल, म्हणजे जाती अर्थात चमेली, कडुनिंब, हळद, मंजिष्ठा इत्यादींनी तिळाच्या तेलात सिद्ध केलेले व्रणाचे औषध, जुनेच आहे. परंतु त्यात मोरचूदही असल्यामुळे वैद्याने जखम पाहिल्याखेरीज ते लावू नये. ओवा-बाळंतशोपांची धुरी सुखावते, मात्र बाजेखालची शेगडी दुखऱ्या कातडीस भाजू शकते. कोमट स्वच्छ पाण्यात दहा मिनिटे बसणे, पुढून मागे धुणे, घडी वरचेवर बदलणे, एवढ्याने बहुतेक जखमा भरतात. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची रीत तर सोडूनच द्यावी, कारण शौचास कडक झाले की सारा ताण टाक्यांवर येतो.

पण कणकण! ताप ३८ अंश सेल्सिअसवर जाणे, स्रावास दुर्गंधी येणे किंवा ओटीपोट दुखणे ही सूतिकाज्वराची, म्हणजे प्रसूतीनंतरच्या जंतुसंसर्गाची, लक्षणे असू शकतात, आणि त्यावर कोणताही लेप चालत नाही.

मावशीच्या पहिल्या बाळंतपणात ताप आल्याने तिचे तान्हे तीन आठवडे भाचीच्या आईच्या दुधावर राहिले, हे घरात सर्वांस ठाऊक आहे. मात्र दुर्गंधी लाजेपोटी लपवल्यामुळे ताप तेवढा वाढला होता, हे तिने आजवर कोणास सांगितलेले नाही. लेकराचे ते पहिले दिवस तिला पुन्हा मिळाले नाहीत.

म्हणून पत्र पोहोचताच रुग्णालयात जावे, वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर कळवावे आणि राखेची गोष्टही डॉक्टरांस सांगावी. त्यासाठी कोणी रागावणार नाही, मावशीही नाही. उद्या सकाळच्या डहाणू लोकलने ती बोईसरला येत आहे. बाळास ती मांडीवर घेऊन बसेल, तेवढा वेळ भाचीने कुशीवर निजून झोप काढावी.