आधी उतारा माग

चि. छोटीस,


मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही हप्त्यावर घेतलेस आणि पगार लांबल्यावर हप्ते थकले, इथवर मी समजू शकतो. पण वसुलीवाल्यांच्या भीतीने तू फोनच बंद ठेवतेस, हे वाचून काळजी वाटली. बँकेत कर्जखाते सांभाळताना मी पाहिले आहे, गप्प बसणाऱ्या कर्जदाराबद्दल सगळे वाईटच गृहीत धरतात. तू बोल, पण लेखी बोल.

आजच फायनान्स कंपनीच्या अधिकृत ईमेलवर दोन्ही खात्यांचा उतारा माग. मुद्दल, व्याज, बाउन्स चार्ज, दंड, सगळे वेगवेगळे दिसले पाहिजे. दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दरमहा किती झेपेल तेही त्याच ईमेलमध्ये लिही. जे खरोखर देता येईल तेवढेच लिही.

आपण देणेकरी, हिशेब कुठल्या तोंडाने मागायचा, असे मनात आणू नकोस. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात आणि आसपासच्या गावांत शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जाच्या खतपत्रांवर होता. ती हिसकावून जाळली गेली. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला खतावरच्या आकड्यामागे जाऊन मुळापासूनचा व्यवहार तपासायला लावले. हिशेब पाहण्याच्या या हक्कासाठी आपल्याच मुलखातल्या माणसांनी तुरुंग पाहिला आहे. तुला तो एका ईमेलवर मागता येतो, तर माग.

वसुलीवाल्याचा फोन आला की त्याचे नाव आणि एजन्सी विचार. घरी आला तर ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र पाहा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्याला फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, तुझ्या मैत्रिणींना फोन करून बदनामी, यातले काहीही रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. असे घडले तर तारीख-वेळ टिपून ठेव, मेसेज पुसू नकोस आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार कर. त्याला शुल्क नाही. दारात येऊन कोणी दमदाटी केली, तर मात्र थांबू नकोस, थेट पोलीस ठाणे गाठ.

‘संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर अटक’ ही धमकी पोकळ आहे. हप्ता थकला एवढ्यावरून कोणी बेड्या घालत नाही. तरी एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट परत गेले, तर चेक परत गेल्यासारखाच फौजदारी खटला होऊ शकतो. त्याआधी रीतसर नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. तेव्हा टपालाने आलेला लिफाफा न उघडता ठेवू नकोस. तो घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर रुपयाही पाठवू नकोस. पैसे कर्जखात्यातच भर आणि पावती घे. ‘निम्म्यात मिटवून टाकू’ असे आमिष कुणी दाखवेल. पण मग सिबिलच्या नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलीस की तोच आडवा येतो. जमेल तर हप्त्यांची मुदत वाढवून घे, पण पूर्ण फेड आणि शेवटी एनओसी घे. हे हप्ते भरायला दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढायचा विचार मनात असेल, तर तो आजच सोड.

उतारा आला की मला पाठव, आपण दोघे बसून पाहू. ताईला मी काही सांगितलेले नाही. परक्या माणसाच्या फोनवरून तिला कळण्याआधी तूच तिला सांग, या रविवारीच.

तुझा,
मामा