‘किल -९’लाही न जुमानणारी प्रोसेस

प्रश्न : माझं डीटीपीचं काम आहे. लिनक्स मशीनवरून स्मरणिकेच्या फाइली यूएसबी डिस्कवर कॉपी करताना काम मधेच अडकलं. रूट होऊन तीन-चारदा ‘किल -९’ दिलं, तरी प्रोसेस जाईना. सीपीयू रिकामा, पण लोड ॲव्हरेज ३च्या वर. यादीत एक ‘डिफंक्ट’ प्रोसेसही दिसते. रीस्टार्टशिवाय उपाय आहे का?
— एक वाचक, माधव नगर, उज्जैन

उत्तर : बहुतेक वेळा असतो. त्यासाठी ‘किल’ नेमकं काय करतं हे आधी समजून घेऊ. ही कमांड प्रोसेसच्या नावाने कर्नलकडे एक सिग्नल ठेवते. १५ नंबरचा सिग्नल प्रोग्रामला धुडकावता येतो, ९ नंबरचा येत नाही. मात्र तोही लागू होतो तो प्रोसेस कर्नलमधलं हातातलं काम सोडून बाहेर पडताना.

‘पीएस’च्या यादीत ‘स्टॅट’चा रकाना पाहा. तिथे ‘डी’ असेल, तर प्रोसेस डिस्कच्या उत्तराची वाट पाहत झोपली आहे आणि सिग्नलने तिला उठवायचं नाही, असा कर्नलचा नियम आहे. नियमामागे कारण आहे. डिस्क कधी कधी थेट मेमरीत लिहीत असते. प्रोसेस मधेच मारून तिची मेमरी दुसऱ्या प्रोग्रामला दिली, तर उशिरा आलेला डेटा त्या दुसऱ्याच्या कामावर लिहिला जाईल. लिनक्स अशा झोपलेल्या प्रोसेसही लोड ॲव्हरेजमध्ये धरतं, म्हणून तुमचा सीपीयू रिकामा असून आकडा चढलेला दिसतो.

तेव्हा प्रोसेसला सोडा आणि डिस्ककडे वळा. ‘डीमेसेज’ चालवा, यूएसबी रीसेट किंवा आय-ओ एररच्या ओळी दिसल्या, तर केबल, पोर्ट आणि डिस्कचा वीजपुरवठा तपासा. काही मिनिटं थांबा. कर्नल पुन्हा पुन्हा प्रयत्न करून शेवटी एरर परत देतं, प्रोसेस जागी होते आणि आधीच दिलेला ९ नंबर तिला संपवतो. तो एकदा दिला की पुरे. तरीही सुटली नाही, तर डिस्कची केबल काढा. ‘उमाउंट -एल’ने डिस्क फक्त नजरेआड होते, अडकलेली प्रोसेस सुटत नाही.

नेटवर्कवरच्या एनएफएस फोल्डरबाबतही पूर्वी हाच त्रास होता. २००८ साली लिनक्स २.६.२५मध्ये ‘किलेबल’ झोप आली. अशा झोपेतली प्रोसेस ९ नंबरने उठते, त्यामुळे तिथली अडचण बरीच कमी झाली.

‘डिफंक्ट’ म्हणजे झोम्बी. ती आधीच मेलेली असते. तिची मेमरी परत गेलेली असते. उरतो तो नंबर आणि पालक प्रोसेससाठी ठेवलेला शेवटचा निकाल. पालकाने तो उचलला नाही, म्हणून नोंद राहते. ‘पीपीआयडी’च्या रकान्यात पालकाचा नंबर पाहा आणि त्याला बंद करा. मग १ नंबरची प्रोसेस त्या झोम्बीला दत्तक घेऊन नोंद पुसते.

एवढं करूनही ‘डी’ हटलं नाही, तर ड्रायव्हर किंवा हार्डवेअरच बिघडलं आहे. तेव्हा बाकीची कामं सेव्ह करा आणि रीस्टार्ट करा. मशीन सुरू झाल्यावर मात्र यूएसबीवरची कॉपी पूर्ण झाली असं धरू नका. ती अर्धवट आहे. मूळ फाइली उघडून पाहा आणि कॉपी दुसऱ्या डिस्कवर नव्याने घ्या.