पालेभाजीच्या कुंडातील मासे जगविणे

मासे आणि भाजी यांची एकाच पाण्यावर जोपासना करण्याच्या पद्धतीस ॲक्वापोनिक्स असे म्हणतात. घरगुती प्रमाणावर तिची मांडणी अगदी साधी असते. शंभर लिटर पाणी मावेल असे पिंप ओसरीवर ठेवतात व त्यात मासे सोडतात. पिंपावर खडीने भरलेले पसरट टोपले असते आणि त्या खडीत पालक, पुदिना किंवा अळू लावलेला असतो. एक लहानसा विजेचा पंप पिंपातील पाणी खडीवर चढवितो व ते खडीतून झिरपून पुन्हा पिंपात उतरते. माशांच्या मलमूत्रावर भाजी पोसते, भाजीमुळे पाणी शुद्ध राहते, असे या व्यवस्थेचे वर्णन सर्वत्र केले जाते. ते खरे आहे. परंतु अपुरे आहे. या वर्णनावर विसंबून ज्यांनी कुंड मांडले, त्यांपैकी पुष्कळांचे मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मेले.

हा प्रकार बहुधा एकाच क्रमाने घडतो. कुंड भरले की दुसऱ्याच दिवशी मासे आणले जातात. तीन-चार दिवस ते उत्साहाने खातात व पोहतात. पुढे ते खाणे टाकतात, तळाशी स्तब्ध राहतात किंवा पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. त्यांचे कल्ले लालसर दिसू लागतात आणि एकेक मासा मरतो. पाणी मात्र आरशासारखे स्वच्छ असते. त्यामुळे कोणी दुकानदाराने रोगट मासे दिले म्हणतो, तर कोणास दृष्ट लागल्याचा संशय येतो.

खरे कारण डोळ्यांना न दिसणारे आहे. मासा अन्न पचविताना अमोनिया तयार करतो आणि त्याचा बराचसा भाग कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. हा अमोनिया माशाला विषारी असतो. त्याचे रूपांतर करण्याचे काम भाजी नव्हे, तर खडीवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू मुख्यत्वे करतात. एका जातीचे जीवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवितात. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटदेखील विषारीच असते. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व रक्त तपकिरी होते. नायट्रेट मात्र माशाला फारसे बाधत नाही आणि भाजीला तेच आवडते. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की याने १८९०च्या सुमारास या जीवाणूंचे कार्य उलगडून दाखविले. ही दोन्ही कामे एकटाच पार पाडणारा जीवाणूही अस्तित्वात असल्याचे २०१५ साली सिद्ध झाले.

नव्या धुतलेल्या खडीवर हे जीवाणू जवळजवळ नसतातच. ते फार मंद गतीने वाढतात. आपल्या हवेत त्यांची वस्ती पुरी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात आणि थंडीच्या दिवसांत याहूनही अधिक. यास्तव कुंड चालू करून प्रथम मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे व ते कुजू द्यावे. त्यातून निघणाऱ्या अमोनियावर जीवाणू पोसतात. जुन्या, निरोगी कुंडातील ओंजळभर खडी मिळाल्यास ती विरजणासारखी उपयोगी पडते. शोभेच्या माशांच्या दुकानात अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब मिळतात. खाद्य टाकणे चालू असूनही ही दोन्ही द्रव्ये शून्यावर येतील, तेव्हाच मासे आणावेत. बिनमाशांच्या पिंपाकडे महिनाभर पाहत राहणे मुलांना कठीण जाते. परंतु दर दोन दिवसांनी तपासणी करून तिचा आलेख वर्गात काढला, तर हाच महिना सर्वांत शिकण्याजोगा ठरतो.

खाद्याचा हिशेब वरच्या इयत्तांतील मुलांकडून करून घ्यावा. शेकडा ३२ प्रथिने असलेले १ ग्रॅम खाद्य माशांनी खाल्ले, तर सुमारे ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येते. शंभर लिटर पाण्यात हे प्रमाण लिटरला ०.३ मिलिग्रॅम होते. आता चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने प्रेमाने एकेक चिमूट टाकली आणि एकूण १० ग्रॅम खाद्य पडले, तर एका दिवसात लिटरला ३ मिलिग्रॅमची भर पडली. न खाल्लेले खाद्य कुजल्यास त्याहून अधिक. शाळेतील मासे उपासाने क्वचितच मरतात. ते लाडाने मरतात. खाद्य देण्याचे काम एका दिवशी एकाच मुलाकडे असावे आणि मासे पाच मिनिटांत संपवतील तेवढेच द्यावे.

शंभर लिटरच्या कुंडात बोटभर लांबीचे चार-पाच गोल्डफिश किंवा दोन डझन गप्पी पुरेत. इतक्या माशांवर पालकाची दोन-तीन रोपे पोसतील. घरच्या भाजीची सोय होईल अशी अपेक्षा ठेवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत पालेभाजीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्याचे प्रमाण दिले आहे. पहिल्या वर्षी त्या प्रमाणाच्या मागे न लागणेच बरे.

मासे आजारी दिसू लागले की सर्व पाणी ओतून देऊन खडी नळाखाली घासून धुण्याची जी घाई होते, ती सर्वांत घातक होय. तिने अमोनिया जातो खरा, पण त्याचे निवारण करणारे जीवाणूही जातात आणि विपत्ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी खाद्य तत्काळ बंद करावे, केवळ एक-तृतीयांश पाणी बदलावे आणि नायट्राइट वाढले असल्यास लिटरला १ ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यास अडथळा होतो. बदलण्याचे पाणी नळाचे असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस राहू द्यावे. ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन मासे व जीवाणू दोघांनाही मारतो.

पाण्याचा सामू हाही दुर्लक्ष करण्याजोगा विषय नाही. अमोनियाचे जे रूप खरोखर विषारी असते, त्याचे प्रमाण २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असता शंभरात सुमारे अर्धा भाग, सामू ८ असता पाच भाग आणि सामू ९ असता सुमारे छत्तीस भाग असते. एकच अमोनिया एका कुंडात निरुपद्रवी व दुसऱ्यात प्राणघातक ठरतो, तो यामुळे. खडी निवडताना तिच्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. फेस आल्यास त्या दगडात चुना आहे व तो सामू वाढवील. काळ्या दगडाची, भुकटी पूर्ण धुऊन काढलेली खडी चांगली. याउलट काही महिन्यांनी जीवाणूंच्या कार्यामुळे पाणी आम्ल होत जाते, सामू ६.५च्या खाली उतरू लागल्यास शिंपल्यांचा चुरा फडक्यात बांधून पाण्यात सोडावा आणि काम झाले की काढून घ्यावा. येथे वर्गातील खडू टाकण्याचा मोह होतो. तो बहुधा चुनखडीचा नसून जिप्समचा असतो; त्याने आम्लता कमी होत नाही.

उन्हाळ्यात भय प्राणवायूचे असते. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच. पिंप सावलीत ठेवून त्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. वीज गेली व पंप थांबला, तर खाद्य देऊ नये आणि तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा पिंपातच ओतत राहावे. दर दहा मिनिटांनी पन्नास-साठ तांबे ओतले तरी मासे तग धरतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना आढळले, तर हाच उपाय आधी करावा व कारण मागाहून शोधावे.

तांब्या-पितळेची तोटी किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली या पाण्यात राहू देऊ नये. भाजीवर मावा पडला तरी कोणतेही कीटकनाशक फवारू नये. पाने पाण्याने धुवावीत किंवा खुडून टाकावीत.

दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुटीत कुंडाचे काय करावे, हा प्रश्न हटकून येतो. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. म्हणून सुटीपूर्वी मूठभर खाद्य टाकून जाणे म्हणजे त्यांना मारून जाणे होय. सुटी लांब असल्यास शेजारच्या घरी आठवड्यातून दोनदा देण्यापुरते खाद्य पुड्या बांधून ठेवावे आणि पिंपातले घटलेले पाणी भरून काढण्यास सांगावे. शाळेचे मुख्य बटण बंद करून कुलूप लावण्याची पद्धत असते. त्या दिवशी पंपाची जोडणी निराळ्या बटणावर घेतली आहे ना, हे प्रत्यक्ष पाहूनच कुलूप लावावे.