अपुऱ्या दिवसांची बालके : रुग्णालयातून घरी गेल्यानंतर

दीड किलो वजनाचे मूल दुपट्यात गुंडाळून रुग्णालयातून घरी येते, तेव्हा संकट टळले असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या तपासण्यांवर त्या बालकाची दृष्टी, श्रवण आणि शिक्षण अवलंबून असते, त्यांपैकी बहुतेक यानंतरच व्हावयाच्या असतात.

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे मानते. 'सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही' हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक अधिक आठवडा बालकाच्या हिताचाच असतो.

अशा मुलांचे पुढे काय होते, याचा दीर्घकालीन अभ्यास पुण्यातच झालेला आहे. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी जन्मवजनाच्या बालकांचा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्या टप्प्यावर अशी १६१ मुले आणि तुलनेसाठी पुरेशा वजनाची ७३ मुले अभ्यासात होती. पत्ते बदलणाऱ्या शहरात एवढी कुटुंबे अठरा वर्षे धरून ठेवणे, हेच मोठे काम होय.

बाराव्या वर्षी कमी वजनाच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत, पण तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला. डोळा व हात यांचा मेळ, वाचन आणि गणित यांत ती मागे पडत होती. अपुऱ्या दिवसांची आणि त्या दिवसांच्या मानानेही कमी वजनाची, अशी दुहेरी उणीव असलेली मुले सर्वांत मागे होती. वर्गात 'आळशी' ठरणाऱ्या एखाद्या मुलाचे मूळ कारण त्याच्या जन्माच्या कागदात असू शकते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

सर्वांत निकडीची गोष्ट डोळ्यांची. अपक्व नेत्रपटलात रक्तवाहिन्या विकृत वाढून पटल सुटू शकते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत तपासले पाहिजेत. अतिशय लहान बालकाचे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. गरज पडल्यास वेळीच केलेल्या लेसर उपचाराने दृष्टी बहुधा वाचते. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये असा रिवाज आहे. विश्रांतीच्या दृष्टीने तो ठीक असेल. परंतु सव्वा महिना म्हणजे तीस दिवसांच्या पलीकडे, आणि गेलेली दृष्टी परत आणता येत नाही. या एका कामासाठी रिवाज बाजूला ठेवावा. श्रवणाची चाचणीही पहिल्या महिन्यातच करावी. दोष आढळल्यास सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत.

शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्या मातांसाठी एक हिशेब. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले मूल दहा आठवडे लवकर आलेले असते. ते २६ आठवड्यांचे झाले की त्याचे सुधारित वय १६ आठवडे धरावे. मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे यांचे मोजमाप दोन वर्षांपर्यंत या वयाने करावे. लसी मात्र सामान्यतः जन्मतारखेनुसारच द्यावयाच्या असतात.

शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार, अशी त्यात सोय आहे.

मूल लहान राहिले म्हणून त्याला तुपासाखरेने गुटगुटीत करण्याचा आजीचा आग्रह प्रेमाचा असला, तरी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला पुण्यातीलच एक अभ्यास सावध करतो. जन्मतः लहान पण आठव्या वर्षी मोठ्या देहाच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. पुढे मधुमेहाकडे नेणारी हीच वाट होय. यास्तव रुग्णालयाने दिलेला जन्मवजन व आठवडे नोंदलेला कागद जपून ठेवावा, आणि ते मूल तिशीत रक्तदाब तपासावयास जाईल तेव्हा तो डॉक्टरांस दाखवावा.