शब्दपट मांडताना

सूनबाई, नातवासाठी इंग्रजी शब्दांचा पट आणलास, छान केलंस. पण मराठी त्या पटावर बसत नाही. इंग्रजी अक्षरं एकामागून एक ओळीत उभी राहतात. आपली वेलांटी डावी-उजवीकडे, मात्रा वर, उकार पायाशी. तेव्हा मराठीचा पट घरीच कर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं, तेही गावात मिळेल त्या स्वस्त वस्तूंवरच.

सोंगट्या लग्नपत्रिकांच्या काप. कागद जाड असतो, पाठ कोरी असते. एका सोंगटीवर अख्खं अक्षर लिही: ‘मा’, ‘ळ’, ‘फू’. काना-वेलांटीच्या वेगळ्या सोंगट्या करू नकोस, पहिलीतलं पोर त्या जोडण्यातच दमतं.

कुठलं अक्षर किती, ते पोरालाच ठरवू दे. वर्तमानपत्रातला एक रकाना दे आणि ‘र’ किती, ‘ढ’ किती ते मोजायला लाव. १९३० च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड बट्स यांनी स्क्रॅबल या शब्दपटासाठी असंच वर्तमानपत्र मोजलं होतं. ‘ङ’, ‘ञ’ करूच नकोस.

पहिला शब्द पोराच्या तोंडातला हवा. आपल्या औंधात देवी ‘यमाई’शिवाय दुसरा कोणता? मधोमध य-मा-ई मांड. ‘य’च्या वर ‘व’ आला की ‘वय’, ‘मा’च्या खाली ‘ळ’ आला की ‘माळ’, ‘ई’च्या वर ‘ता’ ठेवला की ‘ताई’. शब्द लावला की तो वाक्यात बोलायचा, मगच चिंचोका मिळेल. नुसती अक्षरं जुळवून अर्थ कळत नाही.

पोर ‘पानी’, ‘लोनी’ म्हणालं तर हसू नकोस. तो घरचा शब्द. “पुस्तकात कसं लिहितात, बघू,” म्हण आणि ‘नी’च्या जागी ‘णी’ ठेव. हसलीस तर पोर पुढच्या डावाला बसणार नाही.

ह्रस्व-दीर्घ पाठ करून घेऊ नकोस, सोंगटी बदलायला लाव. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतले दोनच सध्या पुरेत. ‘आणि’सारखे मोजके सोडले तर शेवटची वेलांटी आणि शेवटचा उकार दीर्घ: कवी, पाटी, गुरू. आणि घरगुती शब्दाला शेपूट लागलं की त्याच्या शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ ह्रस्व होतो: फूल पण फुलात, पीठ पण पिठात, विहीर पण विहिरीत. ‘फू’ उचलून ‘फु’ ठेवायचा, मग ‘ला’ आणि ‘त’ लावायचे. अख्ख्या अक्षराच्या सोंगट्या इथं कामाला येतात. चार वेळा हातानं बदललं की डोळ्याला चूक खटकायला लागते.

चौथीत गेल्यावर पोर विचारेल, डोंगरावर यमाईच्या मूळपीठाला जातो, मग ते ‘मूळपिठाला’ का नाही? सांग, तिथलं पीठ म्हणजे आसन, संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं. तो दीर्घ हलत नाही. डब्यातल्या पिठाला वेगळा न्याय.

आणि डाव लांबवू नकोस. “अजून एकच,” असं पोर म्हणतंय तोवरच पट गुंडाळ. जांभई आल्यावर गुंडाळलास तर उद्या ते आपणहून काढणार नाही.